किड्यांच्या फोटोसाठी गिअर घेताय? आधी या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला, टेकडीवर लाल मखमली मृगाचे किडे फिरायला लागले की दरवर्षी ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो, मॅक्रो (बारीक किड्यांचे अगदी जवळून मोठे फोटो) सुरू करायचंय, कुठली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ? आणि दरवर्षी मी तेच सांगतो, बॉडीचा विचार सगळ्यात शेवटी. आधी प्रकाश, मग लेन्स, आणि मग उरले पैसे तर बॉडी. लोकं बरोब्बर उलटी जातात, सगळं बजेट बॉडीत घालतात आणि श्रावण संपायच्या आत कॅमेरा कपाटात जातो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ह्या छंदाला सुरुवातीला फार पैसे लागतच नाहीत, चुकीच्या जागी घातले की मगच लागतात.

सगळे पैसे लेन्सला, लाइटला काहीच नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा ऐन जुलैत माझ्याबरोबर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आला होता. हातात नवीकोरी १०० एमएमची खरी मॅक्रो लेन्स, तिच्या तोंडावर ऑनलाइन मागवलेला एलईडी रिंग लाइट, आणि चेहरा पडलेला. म्हणाला, "दादा, लेन्सच खराब लागली बहुतेक, एक फोटो शार्प येत नाही. बॉडी विकून फुल फ्रेम घेऊ का?" (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, सेन्सर म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग.) मी म्हटलं थांब, आधी फोटो दाखव. सगळे एफ/२.८ वर (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, तो जितका मोठा तितकं भोक लहान) काढलेले, शटर १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४००. रॉबर फ्लायच्या (शिकारी माशीच्या) एका डोळ्याचा एवढासा तुकडा शार्प आणि बाकी सगळी माशी धुक्यात. एफ/११ का नाही केलंस विचारलं तर म्हणे सगळं काळं येतं.

येणारच ना काळं! लेन्स पूर्ण जवळ नेली, म्हणजे वन इज टू वनला (१:१, किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा पडतो), की साधारण दोन स्टॉप प्रकाश तिथेच जातो, म्हणजे चौथा भागच उरतो, तुम्ही लावलेलं एफ/११ सेन्सरला एफ/२२ सारखं पडतं. त्यात पावसाळी आभाळ, त्यात झुडपाच्या आतली जागा. तो रिंग लाइट डोळ्यांना भगभगीत दिसतो पण कॅमेऱ्याच्या हिशोबात काहीच नाही. आणि एफ/२.८ वरच राहायचं म्हटलं तर फुल फ्रेमवर वन इज टू वनला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा भाग शार्प येतो. एफ/११ ला तोच सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो. माशीचं डोकं त्यात बसू शकतं, एक तृतीयांशात कसं बसणार?

मग माझ्या बॅगेतला जुना मॅन्युअल फ्लॅश त्याच्या कॅमेऱ्यावर लावला, पुढे ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूजर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा), १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवरला. लेन्स तीच, बॉडी तीच. तिसऱ्या-चौथ्या फोटोला माशीच्या डोळ्यातली जाळी आणि तोंडावरची दाढी सुटी सुटी दिसायला लागली. तो मुलगा पुढचा तासभर एका करवंदीच्या जाळीपाशी बसून होता, निघू या म्हटलं तरी उठेना.

फ्लॅशचा अजून एक फायदा लोकांना माहीतच नसतो. पॉवर जितकी कमी ठेवाल तितका त्याचा झोत कमी वेळ पेटतो, सेकंदाचा काही हजारावा भाग फक्त, त्यामुळे हाताची थरथर आणि वाऱ्याने हलणारं पान दोन्ही गोठतं. म्हणूनच मी फ्लॅश कधी फुल पॉवरला नेत नाही, अंधार वाटला तर आयएसओ ४०० करतो पण फ्लॅश १/८ च्या वर नाही. आणि साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो, टीटीएल (कॅमेऱ्याने पॉवर आपोआप ठरवणं) नसलं तरी चालतं. अंतर जवळपास तेच राहतं त्यामुळे पॉवर एकदा बसवली की सकाळभर हात लावावा लागत नाही.

पण नुसता फ्लॅश लावून भुंगेऱ्याचा फोटो काढाल तर पाठीवर पांढरा डाग पडेल आणि बाकीचा काळा येईल. डिफ्यूजर हवाच, आणि तो किड्याच्या जितका जवळ आणि किड्याच्या मानाने जितका मोठा तितका प्रकाश मऊ. बाजारातली फ्लॅशच्या डोक्यावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची टोपी इथे काही कामाची नाही. अप्पा बळवंत चौकात ट्रेसिंग पेपर घ्या, नाहीतर घरातलं पांढरं पातळ पॉलिस्टर कापड, दोन थर करा, पुठ्ठ्याच्या चौकटीला चिकटवा, आणि लेन्सच्या तोंडाच्या थोडं पुढे वाकून येईल असं रबरबँडने बांधा. फ्लॅश आणि कागद ह्यात वीतभर अंतर ठेवा, नाहीतर मधेच एक झगझगीत ठिपका तयार होतो आणि तो जसाच्या तसा किड्याच्या पाठीवर दिसतो. माझा डिफ्यूजर दर पावसाळ्यात भिजून फाटतो आणि मी दर पावसाळ्यात नवीन करतो, एका संध्याकाळचं काम आहे. रेडीमेडचे हजारो रुपये घालण्याआधी एकदा तरी हाताने करून बघाच, प्रकाश कसा वागतो हे त्याशिवाय कळत नाही.

रिंग फ्लॅशबद्दलही लोकं विचारतात. मला नाही आवडत. समोरून सपाट उजेड पडतो, सावलीच नाही त्यामुळे किड्याला गोलाई येत नाही, आणि चकचकीत पाठीवर त्या रिंगचं गोल प्रतिबिंब येतं.

"लेन्सवर मॅक्रो लिहिलंय की"

लिहिलेलं असतं. विश्वास ठेवू नका. बऱ्याच झूम लेन्सवर मॅक्रो लिहितात आणि त्या १:३ किंवा १:४ ला थांबतात, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांश पडतो. फुलपाखराला ठीक आहे, मुंगीला नाही. स्पेसिफिकेशनमध्ये मॅक्सिमम मॅग्निफिकेशन हा एकच आकडा बघा, १ असेल तर ती खरी मॅक्रो. दुकानदार काय सांगतो ते ऐका आणि तरी हा आकडा स्वतः बघा.

मिनिमम फोकसिंग डिस्टन्स म्हणजे किड्यापासूनचं अंतर नव्हे

ही माझी दुसरी आवडती चिडचिड. एका ताईंनी सेकंड हॅन्ड ६० एमएम मॅक्रो घेतली, भाव चांगला मिळाला म्हणून. कागदावर लिहिलेलं १८.५ सेंटिमीटर, त्यांना वाटलं किड्यापासून एवढं लांब राहता येईल, भरपूर आहे. पण ते अंतर सेन्सरपासून मोजतात हो! बॉडीवर वरच्या बाजूला एक गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते बघा, तिथपासून. मधे अर्धी बॉडी आली, लेन्सची लांबी आली, ते वजा केलं की वन इज टू वनला लेन्सच्या काचेपासून किड्यापर्यंत उरतात साधारण ५ सेंटिमीटर. पाषाण तलावावर त्या चतुर आणि टाचण्यांच्या (चतुराच्या बारीक भाईबंदांच्या) मागे सकाळभर फिरल्या, प्रत्येक वेळी फोकस लागायच्या आत चतुर उडून पुढच्या काडीवर. जो बसून राहिला त्याच्यावर लेन्सचीच सावली. त्यांना वाटायला लागलं की आपल्यालाच दबकत जाता येत नाही.

तर ९० ते १०५ एमएमच्या मधली घ्या. कॅनन १००, निकॉन १०५, टॅमरॉन ९०, कुठलीही, ह्यांच्यात तेरा-चौदा सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते आणि डिफ्यूजरचा उजेडही आत शिरतो. जुनी सेकंड हॅन्ड घेतलीत तरी चालेल, कारण ऑटोफोकस तसाही वापरायचा नाहीये. एवढ्या जवळून तो पुढे-मागे शोधत बसतो. मोठेपणा (मॅग्निफिकेशन) ठरवून फोकस रिंग सोडून द्या आणि स्वतः पुढे-मागे झुला, डोळा शार्प दिसला की क्लिक.

मॅक्रो लेन्सचं बजेट नसेल तर थांबू नका. घरात ५५-२५० सारखी झूम पडलेली असते, तिला रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढे लावायची छोटी क्लोज-अप लेन्स लावा. ५२ ते ६७ एमएमच्या फिल्टर थ्रेडवर (लेन्सच्या तोंडाच्या आट्यांवर) चिमट्यासारखी बसते, २५० एमएमला खऱ्या आकाराच्या जवळपास दुप्पट मोठेपणा देते आणि किड्यापासून अकरा-बारा सेंटिमीटर अंतरही राहतं. नवशिक्याला मी आधी हेच घ्यायला लावतो. मात्र झूम करून जा, वाइडला कोपरे काळे येतात.

एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्तातली

ही बॉडी आणि लेन्सच्या मधे बसते, आत काच नसते, नुसती पोकळ नळी असते, त्यामुळे वाईट काही नाही. पण कॉन्टॅक्ट (बॉडी आणि लेन्सला जोडणारे विजेचे ठिपके) नसलेली घेतली तर कॅननच्या ईएफ सारख्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलताच येत नाही, पूर्ण उघडं राहतं आणि तुम्ही परत एफ/२.८ च्या रडगाण्यावर. कॉन्टॅक्टवालीच घ्या. आणि १८-५५ ला १८ एमएमवर लावून "फोकसच होत नाही" म्हणू नका, फोकस लेन्सच्या आत पडलेला असतो. ५० एमएमला २५ ची ट्यूब लावली की मोठेपणात ०.५ ची (खऱ्या आकाराच्या अर्ध्याची) भर पडते, हा हिशोब लक्षात ठेवा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ.

फुल फ्रेमचा हट्ट

नको. सहा मिलिमीटरची मुंगी वन इज टू वनला फुल फ्रेमच्या रुंदीचा सहावा भाग भरते, क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर चौथा. मुंगीसाठी क्रॉपच बरा.

ट्रायपॉड

जिवंत किड्यासाठी घरी ठेवा. पाय उघडेपर्यंत किडा गेलेला असतो. मी एक साधी काठी नेतो, डाव्या हातात काठी आणि त्याच हातावर लेन्स टेकवतो.

पहिल्याच महिन्यात पाचपट मोठेपणा

कॅननची एमपी-ई ६५ ही लेन्स एकपट ते पाचपट जाते, फोटो अफाट येतात, आणि नवीन माणसाला त्यात किडा सापडतसुद्धा नाही. ऑटोफोकस नाही, फोकस रिंगही नाही, रिंग फिरवली की मोठेपणा बदलतो. एक पावसाळा वन इज टू वनवर काढा, मग बघू.

स्टॅकिंगसाठी किडा फ्रीजमध्ये

ह्यावर मी चिडतो आणि चिडणारच. फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेले फोटो जोडून एक फोटो करणं) किडा हलता कामा नये, म्हणून डबीत भरून फ्रीजमध्ये गारठवायचा आणि मग पानावर ठेवून शूट करायचं. असे फोटो ओळखू येतात, पाय विचित्र दुमडलेले असतात. अहो, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १०-१२ ला येतो, साडेसहाला तळजाई टेकडीवर जा, गवतावर दव घेऊन बसलेले किडे ऊन येईपर्यंत हलत नाहीत. वीस फोटोंचा स्टॅक आरामात होतो. तेवढं लवकर उठायचं नसेल तर एक फ्रेम नीट काढा, पण त्या जिवाला त्रास देऊ नका.

बुरशी

पावसाळ्यात टेकडीवरून आलात की बॅग तशीच बंद करून ठेवू नका. लेन्स पुसा, पंख्याखाली ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून बंद करा. डब्यात छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) ठेवा, ४० ते ५० टक्क्यांत ओल राहिली पाहिजे. सेकंड हॅन्ड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या, आणि विकणारा "फोटोत येत नाही हो" म्हणाला तरी द्या.