सुरीची मूठ राळ-मेणाने कशी बसवावी

जुन्या तलवारींच्या पोकळ लोखंडी मुठीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीच्या आत जाणारा भाग, लाखेने किंवा राळेच्या मिश्रणाने पक्की करत असत. घरातल्या सुरीची सैल झालेली मूठही त्याच पद्धतीने बसवता येते. इपॉक्सीच्या (दोन घटक मिसळून कायमचे घट्ट होणाऱ्या चिकट पदार्थाच्या) तुलनेत या मिश्रणाची पकड कमी असते हे मान्य. पण ते तापवले की पुन्हा मऊ होते आणि मूठ न फोडता पाते मोकळे करता येते, म्हणून हलक्या कामाच्या सुरीसाठी मला तेच अधिक पसंत आहे.

साहित्य म्हणून राळ 100 ग्रॅम, मधमाश्यांचे मेण 20 ग्रॅम आणि विटेची वस्त्रगाळ, पूर्ण कोरडी पूड 25 ग्रॅम घ्यावी. राळ काष्ठौषधींच्या दुकानात खड्यांच्या रूपात मिळते. मेणबत्तीचे मेण मात्र वापरू नये, कारण त्याने चिकटपणा कमी होतो.

मशालीवर राळेची पूड फेकल्यावर उडणारा भडका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सावधगिरीचे कारण सांगायला नको. हे काम उघड्यावर, विजेच्या शेगडीवर मंद आचेने करावे आणि घट्ट बसणारे झाकण हाताशी ठेवावे. मिश्रण पेटलेच तर शेगडी बंद करून झाकण घालावे, पाणी कधीही ओतू नये.

जुन्या, जाड बुडाच्या भांड्यात आधी राळ वितळवावी, मग मेण घालावे आणि दोन्ही एकजीव झाल्यावर विटेची पूड थोडी थोडी ढवळत मिसळावी. धूर येऊ लागल्यास आच जास्त झाली असे समजावे. आता एक थेंब थंड फरशीवर टाकून पूर्ण गार होऊ द्यावा. तो काचेसारखा तडकला तर मेण वाढवावे, नखाने सहज दबला तर राळ वाढवावी. नखाचा जेमतेम पुसट वण उमटला की प्रमाण जमले.

मुठीतले छिद्र शेपटीपेक्षा किंचितच मोठे असावे. शेपटी कानशीने खरबरीत करून तेलाचा अंश पुसून काढावा. पात्याच्या धारेवर जाड फडके बांधून ते ओले करावे आणि फक्त शेपटी, मिश्रण तिला चिकटेल इतपत, तापवावी. धारेपर्यंत उष्णता पोहोचून पोलाद निळसर पडले तर त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. कोमट केलेल्या मुठीत पाऊण छिद्र भरेल एवढे मिश्रण ओतून शेपटी लगेच सरळ दाबून बसवावी. गार होईपर्यंत सुरी उभीच ठेवावी. बाहेर आलेले मिश्रण अर्धवट घट्ट असताना लाकडी चिपाटीने सहज निघते, नंतर ते टवके उडवत खरवडावे लागते.

अशी सुरी गरम पाण्यात बुडवू नये, उन्हात उभ्या असलेल्या गाडीतही ठेवू नये. उरलेले मिश्रण पुरेसे निवल्यावर ओल्या हातांनी वळून त्याच्या कांड्या करून ठेवाव्यात. पुढच्या वेळी हवी तेवढीच कांडी वितळवता येते.