एकाच आडनावाच्या दोन वंशावळी कशा जोडाव्यात, आणि कधी जोडू नयेत

"आडनाव एकच, म्हणजे आपण भाऊबंदच की!" हे वाक्य कानावर पडलं की मी हातातलं पेन खाली ठेवतो. वीसेक वर्षं वंशावळींचं काम करतोय. आधी स्वतःच्या घराण्याचं केलं, मग ओळखीपाळखीच्यांचं. या कामात जेवढा घोटाळा या एका वाक्याने केलाय, तेवढा वाळवीनेही केलेला नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून झालंय, जुन्या ट्रंका उपसून झाल्यात आणि चार-पाच पिढ्यांचा कागद हाताशी आहे, असं धरून पुढे लिहितो. ते झालं नसेल तर आधी ते करा. दुसऱ्या संशोधकाकडे रिकाम्या हाताने गेलात, तर तो देईल ते खरं मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आधी आडनावाचा कस लावा

कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, चौगुले, पोतदार, चिटणीस, सबनीस ही मुळात हुद्द्यांची नावं. गावोगावी वतनदार होते, म्हणून गावोगावी ही आडनावं झाली. दोन कुलकर्ण्यांचा एकमेकांशी संबंध असण्याची शक्यता दोन तलाठ्यांइतकीच. 'कर' लावलेली आडनावंही तशीच. पिंपळगाव, नांदगाव, वडगाव या नावांची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते मोजायला बसू नका. शिवाय एका गावातून बाहेर पडलेल्या चार वेगळ्या जातींच्या चार घरांनी तेच आडनाव लावलेलं असतं.

त्यामुळे शोध घ्यायचा तो आजच्या आडनावामागच्या उपनामाचा, म्हणजे घराण्याच्या जुन्या आडनावाचा. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. पेशव्यांचं आडनाव भट. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं, गोऱ्हे आडनावाचं, आणि फुलांच्या धंद्यावरून पुढे फुले झालेलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं. गावावरून शाळेत आंबडवेकर लागलं आणि त्याचं पुढे आंबेडकर झालं. नुसतं आजचं आडनाव घेऊन फिरणारा माणूस या चारही घराण्यांच्या दारावरून पुढे निघून गेला असता. म्हणून जुन्या कागदावर कुठेही "उपनाम अमुक" किंवा "ऊर्फ" दिसलं की ते वेगळ्या पानावर टिपून ठेवा. पुढची सगळी गाठभेट त्या शब्दावर होणार असते.

कुणाकडे जायचं

तुमच्या आडनावाचा किंवा उपनामाचा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळींचं पुस्तक, निघाला असेल तर त्याचे संपादक. घराण्याचं मंडळ असेल तर तिथले जुने सभासद. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथले तुमच्या गावाचे उपाध्याय. त्यांच्या वह्यांत तुमच्या आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात आणि त्या नोंदींमधून हयात भाऊबंदांचा पत्ता लागतो. वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असल्याने मूळ गाव माहीत नसेल तर जाऊन उपयोग नाही.

जुन्या कुलवृत्तांतांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. बहुतेकांत मुली नसतात. असल्या तर "कन्या 3" एवढंच, आणि त्या कुठे दिल्या याचा पत्ता नाही. सुनांचं माहेरही क्वचितच. त्यातून लग्नात बायकांची नावं बदलण्याची पद्धत, त्यामुळे माहेरची वही आणि सासरची वही एकाच बाईला दोन नावांनी ओळखते. ही पोकळी दुसरा संशोधकच भरू शकतो. बहुतेक वेळा तो त्या मुलीच्या सासरकडचा असतो, आणि त्याचं आडनाव तुमचं नसतं. फक्त आपल्याच आडनावाची माणसं गोळा करणारे लोक इथे हमखास गाडी चुकतात.

काय द्यायचं, काय मागायचं

अख्खी वंशावळ कुणालाही पाठवू नका. एक पान लिहा. त्यात खात्रीचा सर्वांत जुना पुरुष, त्याचं गाव आणि तालुका, अदमासे काळ, त्याचे भाऊ, बायकोचं माहेर, घराणं त्या गावात कुठून आलं याबद्दलची घरातली समजूत, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर काढून टाका. तुमच्या चुलतबहिणीने तिचं वय जगजाहीर करायची परवानगी तुम्हाला दिलेली नाही.

मागताना प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: हे कशावरून? उत्तर फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही), उपाध्यायांची वही, आजीची आठवण यांपैकी काहीही असलं तरी चालेल. "आमच्या वंशावळीत आहे" हे उत्तर चालणार नाही. या प्रश्नाने समोरचा दुखावला तर दुखावू द्या.

सांधा: इथे घाई केली की संपलं

दोन वंशावळी ज्या पुरुषावर येऊन मिळतात त्याला मी सांधा म्हणतो. सांधा बसवणं हेच या कामातलं खरं अवघड काम, आणि त्यात मी सपशेल आपटलेलो आहे.

माझ्या वंशावळीत सर्वांत वर एक गणेश विठ्ठल होता. शेजारच्या तालुक्यातल्या, आमच्याच आडनावाच्या एका गृहस्थांकडेही गणेश विठ्ठल होता. काळ साधारण तोच, कुलदैवत खंडोबा, गोत्र काश्यप. मला आभाळ ठेंगणं झालं. त्यांच्याकडे गणेशच्या वरच्या आणखी पाच पिढ्या होत्या, त्या मी एका रात्रीत उतरवून घेतल्या आणि पुढच्या वर्षभरात चार जणांना वाटल्या. दोन वर्षांनी एका पाचव्याच माणसाने मला कळवलं, की स्वतंत्रपणे त्यालाही तीच वंशावळ मिळाली आहे. मी हरखून गेलो. नीट विचारल्यावर कळलं, की त्याच्याकडे आलेली प्रत माझ्याच चार प्रतींपैकी एकीची नक्कल होती. माझीच चूक गावभर हिंडून पुरावा बनून परत आली होती. पुढे आमच्या जमिनीचा जुना वारस फेरफार मिळाला. त्यात आमच्या गणेशच्या भावांची नावं होती, आणि त्यांतलं एकही त्या गृहस्थांच्या गणेशच्या भावांशी जुळत नव्हतं. दोन गणेश, दोन विठ्ठल, दोन घराणी. पाच पिढ्या खोडल्या, चार जणांना पत्रं लिहिली. त्यांपैकी दोघांनी अजूनही दुरुस्ती केलेली नाही.

कुठे चुकलो ते आता सांगतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे एका घरात गणेश विठ्ठल, विठ्ठल गणेश, पुन्हा गणेश विठ्ठल अशी साखळी चालू राहते. पेशव्यांचंच बघा. बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र रघुनाथ बाजीराव, त्यांचे पुत्र बाजीराव रघुनाथ. पहिले बाजीराव 1740 मध्ये वारले, दुसऱ्यांची पेशवाई 1818 मध्ये बुडाली. नुसतं "बाजीराव पेशवे" जुळवणारा माणूस मधलं पाऊण शतक गिळून टाकेल. आणि हा बल्लाळ म्हणजे बाळाजीच, हे माहीत नसेल तर तो बल्लाळ नावाचा वेगळा बाप शोधत बसेल. पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव हा आणखी एक फेरा. टिळकांचं नाव केशव. जगाला ठाऊक आहेत ते बाळ गंगाधर. तेव्हा नाव आणि बापाचं नाव जुळलं, तर अजून काहीच जुळलेलं नाही असं समजा.

खंडोबाचंही तेच. जेजुरीचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी ही निम्म्या महाराष्ट्राची कुलदैवतं आहेत, त्यांच्यावरून दोन घरं जोडता येत नाहीत. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप सांगावं अशी जुनी रीतच आहे. म्हणजे मी पुरावा म्हणून मांडलेल्या तीन गोष्टींपैकी एकही पुरावा नव्हती.

मग धरायचं काय? पहिलं म्हणजे भाऊ. सांध्याच्या पुरुषाचे भाऊ दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या कागदांतून आले आणि निदान दोन नावं जुळली, तर माझा विश्वास बसायला लागतो. एकच नाव योगायोगाने जुळतं, पण तीन भावांचा संच सहसा जुळत नाही. यासाठी वारसाचे फेरफार सर्वांत उपयोगी. गाव नमुना 6 मध्ये फेरफार आणि 6 क मध्ये वारसांची नोंद असते. कित्येक तालुक्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. वारसांत कधीकधी दिलेल्या मुलीही असतात, म्हणजे कुलवृत्तांताने गाळलेल्या काही बायका इथे सापडतात.

दुसरं म्हणजे सुतक. आमच्या आजीच्या पिढीला वंशावळ लिहिता येत नव्हती, पण कुणाच्या मरणाचं सुतक धरायचं हे पाठ होतं. समोरच्या घराला विचारा: तुम्ही आमचं सुतक धरत होतात का? आपल्या घरांत कधी सोयरीक झाली का? सुतक धरलं जात होतं आणि सोयरीक कधीच झाली नाही, तर तो भाऊबंदकीचा भक्कम माग आहे. उलट, दोन घरांत तीन पिढ्यांपूर्वी लग्न झालेलं निघालं, तर ती एकाच पुरुषाची संतती असल्याचा दावा तिथेच थांबवा.

तिसरं, जमीन आणि मान. सर्व्हे नंबर एकमेकांना लागून आहेत का? जुन्या कागदात थोरली पाती, धाकटी पाती (घराण्याची थोरली-धाकटी शाखा) असा उल्लेख आहे का? गावच्या जत्रेत एखादा बारीकसा मान, समजा पालखीचा पहिला खांदा, दोन्ही घरांत आलटून पालटून जातो का? असा मान उगाच वाटला जात नाही.

दत्तक तेवढा विसरू नका. दत्तक गेलेला मुलगा एका वंशावळीत जन्माने असतो, दुसरीत हक्काने. दोन्ही खरं असतं, पण रेघ वेगळी काढावी लागते. 1827 मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी नानासाहेबांना दत्तक घेतलं. तिथे रक्ताची रेघ ओढणारा चुकला आणि नातंच न दाखवणाराही चुकला. भाऊ नीट जुळत नाहीत पण बाकी सगळं जुळतंय असं झालं, की मी सर्वांत आधी दत्तक तपासतो.

वतनाच्या भांडणातल्या करीन्यांत (पक्षकारांनी लिहून दिलेल्या हकिकतींत) आणि महजरांत (निवाड्याच्या कागदांत) तयार वंशावळी मिळतात, आणि नवशिके त्यावर तुटून पडतात. जरा थांबा. ती वंशावळ हक्क सिद्ध करायला लिहिलेली असते. प्रतिपक्षाची एक शाखा सोयीने निर्वंश दाखवलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या निर्वंश शाखेचे वंशज मला चहा पाजत होते. त्या प्रकरणातला दुसऱ्या बाजूचा कागद वाचल्याशिवाय सांधा बसवू नका.

आणि डीएनए चाचणीचं सुचवणाऱ्यांना एवढंच, की वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तुलना दोन पुरुषांचा दूरचा समान पूर्वज आहे की नाही एवढं सांगते. तो पूर्वज तुमचा गणेश विठ्ठल होता की त्याच्याही दहा पिढ्या आधीचा कुणी, हे ती सांगत नाही.

तारखा

इसवी सनात आणल्याशिवाय दोन बाजूंच्या तारखा शेजारी ठेवू नका. शकात 78 मिळवा. नोंद जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर 79. म्हणजे शके 1772 चा माघ हा 1851 सालातला. दख्खनी फसली या महसुली सनात 590, पावसाळ्यात सुरू होऊन वर्ष पुढच्या इसवी सनात गेल्यावर 591. पेशवाईतल्या कागदांवर अरबी सन शब्दांत असतो: "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, 1172. त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1771-72 येतं. वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून दोन आकडे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्दही सलग लिहिलेले असतात, तेव्हा वाचन दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर मूळ पानाचा फोटो जवळ ठेवाच.

जोडल्यावर

सांध्याच्या नावापुढे पुरावा लिहा, तारीख लिहा, कुणी दिला ते लिहा. दोन वेगवेगळे पुरावे असतील तर सरळ रेघ, एकच असेल तर तुटक. तुटक रेघ असलेली प्रत वाटताना ती तुटकच छापली जाईल हे स्वतः बघा, कारण नक्कल करणारा माणूस सगळ्या रेघा सरळ करतो. समोरच्याशी आधीच बोलून ठेवा, की त्याने दिलेल्या शाखेत दुरुस्ती झाली तर कळवायचं कुणी. आमच्यात हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ती दोन घरं अजून चुकीच्या विठ्ठलाचं श्राद्ध घालतायत.

माझ्या वंशावळीत एका घराण्याकडे जाणारी अशी एक तुटक रेघ गेली अकरा वर्षं आहे. दोन भाऊ जुळतात, सुतकाची आठवण अर्धवट आहे, आणि त्यांच्या गावच्या कोतवाल बुकाची नेमकी ती पानं गेलीत. आता भिस्त त्र्यंबकेश्वरच्या वहीवर. उपाध्यायांनी दिवाळीनंतर यायला सांगितलंय.