राज्यसभेची यादी आली की पेन्सिल घ्या

राज्यसभेची निवडणूक जाहीर झाली की ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या वाड्यातल्या वहिनी हमखास विचारतात, "सर, या वेळी आपलं बूथ कुठं?" वहिनी, बूथ भोपाळला, विधानसभेत. मतदार फक्त आमदार. आपण घरी बसून बेरीज-भागाकार करायचा. तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मला तर यातच जास्त गंमत वाटते.

आधी दोनच आकडे लिहा: जागा किती आणि उमेदवार किती. दोन्ही सारखे असतील तर वही मिटा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या ५ जागांना ५ च उमेदवार उरले, सगळे बिनविरोध. त्यांतले काँग्रेसचे अशोक सिंह आपल्या ग्वाल्हेरचे, तर भाजपचे एल. मुरुगन थेट तमिळनाडूचे. "हे इथले कसे?" असं बाड्यावर (आमच्या मुख्य चौकात) कचोरी खाताना मला दोघांनी तरी विचारलं. २००३ पासून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा लागत नाही. देशात कुठल्याही मतदारयादीत नाव आणि वय ३० पूर्ण, एवढं पुरतं.

मग कुणीही का उभं राहत नाही? अनामत १० हजारच आहे (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी), ती कुणीही जमवेल. अडतं ते सूचकांपाशी, म्हणजे नाव सुचवणाऱ्या आमदारांपाशी. आपल्याकडे अर्जावर १० आमदारांच्या सह्या लागतात. मी हे सांगितल्यावर वहिनींचे यजमान म्हणाले, "दहा काय, एक आमदार फोन उचलेल तर शपथ!"

उमेदवार जागांपेक्षा जास्त असले की खरा हिशेब सुरू होतो. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांना १, २, ३ अशी पसंती देतात. एकाहून जास्त जागा असतील तर प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. वैध मतं गुणिले १००, भागिले (जागा अधिक १), अपूर्णांक सोडा, उत्तरात १ मिळवा. हा झाला कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा. ३ जागा आणि पुरे २३० आमदार असतील तर २३,००० भागिले ४ म्हणजे ५,७५०, अधिक १. म्हणजे पहिल्याच फेरीत निवडून यायला एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची ५८ मतं हवीत. पक्षाचे आमदार ५८ ने भागा, त्याचे किती उमेदवार सहज निघतील ते दिसतं. बाकी उरते तिथेच जेवणावळी आणि रिसॉर्ट.

शिकवणीला मी हमखास घेतो ते उदाहरण गुजरातचं, ऑगस्ट २०१७. जागा ३, उमेदवार ४, मतं १७६. कोटा ४,४०१. अहमद पटेलांना मिळाली ४४ मतं, म्हणजे ४,४००. एका गुणानं कमी! पण दोन आमदारांनी मतपत्रिका भलत्यांना दाखवली म्हणून निवडणूक आयोगानं त्यांची मतं बाद केली. उरली १७४, कोटा उतरला ४,३५१ वर, आणि तेच ४,४०० पुरून उरले. निकाल लागेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. भाजपच्या अमित शाह आणि स्मृती इराणींना प्रत्येकी ४६ मतं होती, बलवंतसिंह राजपूत ३८ वर थांबले.

म्हणून मतपत्रिकेचे नियमही पाहून ठेवा. पक्षाच्या आमदारानं भरलेली पत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या अधिकृत एजंटलाच दाखवायची. अपक्षानं कुणालाच नाही. आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केच पेननंच आणि आकड्यातच पसंती लिहायची. "एक" असं अक्षरी लिहिलं की मत बाद. २०१८ पासून 'नोटा'ही नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष हाकलू शकतो, पण तेवढ्यानं पक्षांतरबंदीखाली आमदारकी जात नाही. कोट्याच्या काठावर असलेल्या उमेदवाराची झोप उडते ती इथेच.

आता एक घरचा अभ्यास. जून २०२०, मध्य प्रदेश, ३ जागा. राजीनामे आणि दोन निधनांमुळे २४ जागा रिकाम्या होत्या, मतदार उरले २०६. दोन मतं बाद झाली. दिग्विजय सिंह ५७, ज्योतिरादित्य शिंदे ५६, सुमेरसिंह सोळंकी ५५, फूलसिंह बरैया ३६. कोटा काढा, मग पाहा की पहिल्या आणि शेवटच्याची (दोघे काँग्रेसचे) मतं एकत्र करून दोन जागा निघाल्या असत्या का.

लोकसभेत हरलेल्यांना राज्यसभा आठवते, हे ग्वाल्हेरकरांना काही नवं नाही. १९८४ ला इथं माधवराव शिंद्यांकडून हरलेले अटलजी १९८६ मध्ये मध्य प्रदेशातूनच राज्यसभेत गेले, आणि २०१९ ला गुना गमावलेले ज्योतिरादित्य वरच्याच यादीत आहेत.

पोटनिवडणूक असेल तर इतका खटाटोप नको. जागा एकच, म्हणून निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि ती सरकारकडे असतातच. मी तर त्या दिवशी पेन्सिलीला टोकही करत नाही.

वहिनींना मात्र मी एवढंच सांगून ठेवलंय: अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजता बातम्या लावा. जागांइतकीच नावं उरली असतील तर निकाल तिथेच लागला. एखादं नाव जास्त उरलं तर वही घेऊन खाली या, चहा माझ्याकडे.