सिमेंट बॅरिअर 300 वर्षं टिकेल का? हिशोब करताना या चुका टाळा

खाडीपलीकडे ट्रॉम्बे (भाभा अणुसंशोधन केंद्र) असल्यामुळे असेल, नवी मुंबईतली सिव्हिल-केमिकलची बरीच पोरं प्रोजेक्टला किरणोत्सारी कचरा सिमेंटच्या आवरणात किती वर्षं अडकून राहील हा विषय घेतात आणि रिपोर्ट वाचायला माझ्याकडे येतात. चुका दरवर्षी त्याच.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी. रबाळ्याच्या एका लॅबमध्ये एका मुलाने सिमेंटचे ठोकळे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवले आणि पाण्यात उतरणारं कॅल्शियम, म्हणजे लीचिंग, मोजत बसला. थोड्या दिवसांनी फोन, "मॅडम, ग्राफ सपाट झालाय, लीचिंग थांबलं!" मी जाऊन बघते तर पाणी एकदाही बदललेलं नाही, डब्याचं झाकण अर्धवट उघडं, आणि पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा. तो बोटाने हलवला की तुकडे होऊन खाली बसत होता. अरे, लीचिंग थांबलं नव्हतं, पाण्यात चुना विरघळायला जागाच उरली नव्हती, वरून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते पाण्यावर आणि ठोकळ्यावरही जमत होतं, म्हणजे पोअर्स (ठोकळ्यातली बारीक छिद्रं) बंद होत होते. आणि या सपाट रेघेवरून त्याने 300 वर्षांचा आकडा काढलेला! म्हणून तर स्टँडर्ड लीच टेस्टमध्ये ठराविक अंतराने पाणी बदलतात आणि 90 दिवसांपर्यंत थांबतात. घाई असेल तर दुसरा विषय घ्या, मी स्पष्टच सांगते. मी स्वतः डबा काठोकाठ भरते, झाकण घट्ट लावते आणि पाणी बदलताना दर वेळी पीएच लिहून ठेवते. आकडा विचित्र आला की आधी पापुद्रा शोधायचा, थिअरी नंतर.

वेळ वाचवायला ठोकळे ओव्हनमध्ये ठेवणारेही भेटतात. तापमान वाढलं की डिफ्युजन (पदार्थ सिमेंटमधून हळूहळू सरकणं) वाढतं हे बरोबर, पण चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, मग तुम्ही नक्की कशाचा वेग वाढवला?

दुसरी चूक म्हणजे सरळ रेघ ओढणे. समजा 4 वर्षांच्या भिंतीचा कोअर (दंडगोल नमुना) काढून फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारा द्रव) मारलं, आत गुलाबी झालं आणि बाहेरची 6 मिमी पट्टी रंगहीन राहिली. म्हणजे वर्षाला दीड मिमी, म्हणजे 300 वर्षांत 450 मिमी, असं लिहून मोकळे. कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सिमेंटची अल्कली संपणं, तीच ती रंगहीन पट्टी) साधारण वेळेच्या वर्गमुळाने पुढे सरकतं, म्हणजे 6 भागिले 4 चं वर्गमूळ, 3, आणि त्याला गुणिले 300 चं वर्गमूळ 17.3, जेमतेम 52 मिमी. पण त्यावरही निर्धास्त राहू नका, कारण सळईवरचं कव्हर (काँक्रीटचा थर) 50 मिमी असेल तर गंज तिथूनच सुरू होणार, गंज फुगून काँक्रीटला भेगा पाडणार आणि मग वर्गमुळाचा नियम संपला.

भेगांवरून आठवलं. अखंड ठोकळ्याचा डिफ्युजनचा आकडा घेऊन अख्ख्या व्हॉल्टला (कचरा ठेवायच्या काँक्रीटच्या कोठडीला) लावतात, आणि जॉइंट आणि भेगा गायब! भेगेतून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतं, 0.1 ची 0.2 मिमी झाली की आठपट. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि मग कडक ऊन, ओलं-सुकं चक्र चालूच राहणार, ते मॉडेलमध्ये नसेल तर मी रिपोर्ट परत करते.

कचऱ्यातल्या सगळ्या किरणोत्सारी पदार्थांना एकच 300 वर्षं लावू नका. सीझियम-137 ची हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा काळ) 30 वर्षं, स्ट्रॉन्शियम-90 ची 29 च्या आसपास, म्हणून 300 वर्षांनी हजारावा भाग वगैरे उरतो. टेक्नेशियम-99 ची दोन लाख वर्षांच्या वर आहे, त्याला हा हिशोब चालत नाही. त्याला धरून ठेवायला सिमेंटमध्ये स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालतात कारण स्लॅग ऑक्सिजन कमी ठेवतो, पण ती ताकदही हळूहळू संपते, तेही मोजा.

रोमन काँक्रीटचा दाखला नको. ते चुना आणि ज्वालामुखीची राख होतं, सळई नव्हती.

आणि सॉफ्टवेअर. फ्रीक-सी (PHREEQC, पाण्यातल्या रसायनांचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) चालवून दशांशात उत्तर आलं म्हणजे ते खरं झालं नाही. मी आधी कागदावर हाताने हिशोब करते, मग सॉफ्टवेअर दोनदा चालवते, एकदा ताज्या सिमेंटच्या 13 च्या वरच्या पीएचला आणि एकदा चुना संपल्यावरच्या साडेबाराच्या खालच्या पीएचला. दोन उत्तरांत किती फरक पडतो ते रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहायचं, अपेंडिक्समध्ये नाही.