उतारवयात एकटं वाटतंय? एक वार आणि एक वेळ ठरवा

घर माणसांनी भरलेलं असूनही एकटं वाटू शकतं आणि एकटीच राहणारी एखादी बाई अगदी मजेत असू शकते, त्यामुळे "तुमच्याकडे तर सगळे आहेत की" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर 6 माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, म्हणजे ही काही तुमच्या स्वभावातली खोट नाही.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. विचित्र वाटेल पण मी तरी इथूनच सुरुवात करा म्हणेन, कारण ऐकू कमी यायला लागलं की चारचौघात बसणं नको वाटतं, सारखं "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटते, मग नुसतं हसून मान हलवायची आणि पुढच्या वेळी जायचंच नाही, आणि घरच्यांना वाटतं आजोबा हल्ली तुसडे झालेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचा म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी पण आटोक्यात आणता येणारी 14 कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं दोन्ही आहेत. कानाचं मशीन लावल्यावर सुरुवातीला सगळेच आवाज अंगावर येतात, पंख्याचा, भांड्यांचा, अगदी कागद फाडल्याचासुद्धा, म्हणून वैतागून ते ड्रॉवरमधे टाकू नका. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना लावा, मग हळूहळू गर्दीत. तरीही त्रास झाला तर ज्यांनी बसवलं त्यांच्याकडून सेटिंग बदलून घ्या.

आता मुख्य गोष्ट. लोक सांगतात कार्यक्रमांना जा, नवीन ओळखी करा. पण एखाद्या मोठ्या कार्यक्रमाला जाऊन आलं की उलट जास्तच रिकामं वाटतं बऱ्याच जणांना. ओळख मुरायला तीच माणसं, तीच जागा, तीच वेळ असं परत परत भेटावं लागतं. म्हणून आठवड्यातला एक वार पक्का करा आणि जी वेळ तुम्हाला खायला उठते तीच निवडा, जोडीदार गेलेल्या कितीतरी जणांना संध्याकाळ नको होते, तर मग संध्याकाळचीच वेळ ठेवा. आणि बोलावताना "कधीतरी या ना" म्हणू नका, त्या वाक्याने कुणी येत नाही. "मंगळवारी पाच वाजता मी खाली बाकावर असते, अर्धा तास, येता का?" असं विचारा. वार, वेळ, जागा आणि किती वेळ हे सगळं सांगितलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. नाही म्हणाले तरी पुढच्या आठवड्यात परत विचारा, पहिला नकार बहुतेक वेळा संकोचाचा असतो. तीन-चार जण जमले तरी भरपूर, फक्त एवढं ठरवून टाका की जो आला नाही त्याला त्याच दिवशी कुणीतरी फोन करायचा.

नुसतं समोरासमोर बसून बोलणं सगळ्यांना जमत नाही, पुरुषांना तर फारच अवघड जातं. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात 'मेन्स शेड' सुरू झाल्या, तिथे निवृत्त माणसं सुतारकाम, दुरुस्ती असलं काहीतरी करत बसतात आणि हात कामात असले की मनातलंही बोललं जातं. झिम्बाब्वेत 2006 मधे 'फ्रेंडशिप बेंच' सुरू झाला, तिथे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून प्रशिक्षण घेतलेल्या आज्या लोकांचं दुःख ऐकून घेतात. मला हे फार आवडतं, कारण म्हातारपणी नुसता आधार पुरत नाही, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हेही लागतं. शेजारच्या पोराचं गणित घ्या, कुणी गावाला गेलं तर झाडांना पाणी घाला, ज्याला नीट दिसत नाही त्याला पेपर वाचून दाखवा.

फोनचं म्हणाल तर फॉरवर्ड म्हणजे गप्पा नव्हेत. दहा मिनिटं का होईना पण ठरलेल्या वेळी बोला, मुलांनाही ते झेपतं. आणि फोनवर अचानक फार माया दाखवणारं अनोळखी कुणी भेटलं तर पैसे, ओटीपी काही देऊ नका, एकटी माणसं असल्या भामट्यांना बरोबर सापडतात.

शेजाऱ्यांसाठी पण सांगते. कुणी गेल्यावर सुरुवातीला घर भरलेलं असतं, खरी गरज तीन-चार महिन्यांनी असते जेव्हा येणं-जाणं थांबतं, तेव्हा जा. "काही लागलं तर सांगा" म्हणून निघू नका, काका-काकूंकडे एखादं काम मागा, काहीतरी शिकवा म्हणा.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर मग ते डिप्रेशन असू शकतं. जगणं नको वाटायला लागलं तर दोन आठवडे वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, काही औषधांनीही मन उदास होतं.