कोकणात पावसाळ्यात सिरॅमिकचं काम करायचं तर

मृगाचा पाऊस लागला की आमच्या कुडाळकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे मातीचे कप-मग कुठले वाळायला. त्यामुळे इथे स्टुडिओ टाकायचा विचार असेल तर चाक कुठलं घेऊ नि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) कुठून मागवू हे नंतर बघा, आधी वाळवणीचं बघा.

पहिल्या वर्षी मी एका होमस्टेसाठी चाळीस मग केले, आठवडाभर फळीवर होते, रंगाने पांढुरके दिसायला लागले म्हटलं झाले, भरले भट्टीत आणि तासा-दीड तासात आतून दिवाळी सुरू. अकरा वाचले. झालं काय, तर हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असताना माती पूर्ण कोरडी होतच नाही, नुसती तशी दिसते, गालाला लावून बघा, गार लागली म्हणजे आत पाणी आहे, आणि त्या पाण्याची १०० डिग्रीला वाफ होते नि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती भांडं फोडूनच निघते.

म्हणून शेवटची वाळवण भट्टीतच. रात्री ८०-९० डिग्रीवर ठेवून द्यायची, झाकण दोन बोटं उघडं, वरचं भोकही उघडं. सकाळी त्या भोकासमोर स्टीलची गार ताटली धरा, दव धरलं तर अजून थांबा, चहा घ्या, तासाने परत बघा. ताटली कोरडी राहिली की मगच झाकण लावून चढवायला घ्या, ते पण ६०० पर्यंत तासाला १०० पेक्षा जास्त नको (५७३ ला मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो), पुढे बिस्क, म्हणजे ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी, ९५०-१००० ला.

आणि त्याच्या आधी फळीवर असताना फॅन मारू नका हो! कपाचा कान बारीक, तो आधी वाळून आकसतो, कप मागे राहतो आणि बरोबर जोडावर चीर जाते. कानाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवायची, कप पालथा, खाली पेपर. गणपतीच्या शाळेत जाऊन बसा एक दिवस, ते लोक ऐन पावसात मूर्ती वाळवतात, त्यांना भाजायचं नसतं एवढंच, सुटले बिचारे. ओल्या मातीच्या गोळ्यावर बुरशी आली तर टाकू नका, मळून घ्या, उलट अशी माती चाकावर छान वळते.

लाईट जाणारच. झाकण उघडायचं नाही, भट्टी ऊब धरून ठेवते, आली की आहे त्या डिग्रीपासून पुढे चालू करा, बिस्कचं काही बिघडत नाही.

खाडीकाठची माती वापरायची हौस सगळ्यांनाच येते, मलाही आली. तिच्यात शिंपल्यांचे कण असतात, भट्टीत त्यांचा चुना होतो, आणि भांडं छान निघून आठ दिवसांनी तो चुना हवेतलं पाणी पिऊन फुगतो नि वरचा टवका उडवतो. बारीक चाळणीतून गाळा, गाळलेल्यावर व्हिनेगर टाका, फसफसली तर नाद सोडा. लाल माती स्टोनवेअरच्या (जास्त आचेवर भाजलेली, दगडासारखी घट्ट भांडी) १२२०-१२४० ला वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटू शकते, म्हणून पहिला तुकडा फुटक्या बशीत ठेवूनच भाजायचा.

मापाचं एक. माझी माती १२ टक्के आकसते, म्हणजे १० सेंटीमीटरचा मग हवा तर चाकावर साधारण ११.४ चा काढायचा. रेट लावताना फुटलेलेही धरा, गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि इथे तुमच्या वाटीत सोलकढी पडणार, लोणचं पडणार, कोकमाचा आंबटपणा ग्लेझमधून धातू ओढू शकतो. शिसं तर नकोच, पण तांब्याच्या हिरव्या ग्लेझवर पण रात्रभर लिंबाची फोड ठेवून बघा, सकाळी रंग फिका दिसला तर जेवणासाठी ती वाटी विकायची नाही. माझ्या एका लाडक्या हिरव्याचं असंच झालं, त्या सगळ्या वाट्यांमध्ये आता आईने मोगऱ्याच्या काड्या लावल्यात.