मंत्र्याची घरपट्टी काढायला निघालात? या चुका टाळा

जुलै महिना. गोव्यात म्हापशातल्या आमच्या खोलीवजा ऑफिसात आयकराचं रिटर्न भरायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत गेलेली, बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचं तळं. पेडण्याकडचे एक निवृत्त मास्तर समोर येऊन बसले आणि पॅन कार्ड काढायच्या आधी त्यांनी मोबाईल काढला. गावच्या ग्रुपवर एका पुढाऱ्याच्या घरपट्टीच्या पावतीचा फोटो फिरत होता. दुमजली घर आणि रक्कम हजाराच्या आत.

"बघा, आम्ही मेलो भरून भरून. आणि ह्यांचं सगळं बायकोच्या नावावर. चोर आहेत सगळे!"

मी तेव्हा मास्तरांचं शेड्यूल ५ए भरत होतो. म्हणजे त्यांच्या फ्लॅटचं अर्धं भाडं त्यांच्या बायकोच्या नावावर टाकत होतो. गेली कितीतरी वर्षं हेच काम करतोय, आणि निवडणूक जवळ आली की असे फोटो दर आठवड्याला बघतोय. पुढाऱ्यांना प्रश्न विचारूच नयेत असं मी म्हणणार नाही. पण विरोधी पक्षातल्याचा कागद आपण भिंगातून वाचतो, आपल्या माणसाचा कागद वाचतच नाही आणि स्वतःचा तर ट्रंकेत असतो. त्यामुळे प्रश्नच चुकीचा पडतो, आणि पुढारी हसत हसत सुटतो.

"बायकोच्या नावावर केलं" म्हणजे लपवलं असं धरणं

गोव्यात ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि गोव्यातच ती व्हायला नको. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिच्यानुसार नवरा-बायकोच्या मालमत्तेचा एकच गोळा होतो आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. घर विकायचं झालं की दोघांच्या सह्या लागतात, हे गोव्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. पण आयकरातही तोच हिशोब चालतो, हे मात्र बऱ्याच जणांना रिटर्न भरायला बसल्यावर कळतं.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए त्यासाठीच होतं; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, पण वाटणी तीच. घरभाडं, धंद्याचा नफा, जमीन विकून झालेला फायदा, बँकेचं व्याज, सगळं निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार तेवढा ज्याचा त्याचा. मास्तरांची पेन्शन पगारातच मोडते, म्हणून ती त्यांची एकट्याची राहिली. फ्लॅटचं भाडं महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ५४,००० गेले, उरले १,२६,०००. त्यातले ६३,००० मास्तरांचे आणि ६३,००० बाईंचे. अशी वाटणी असली की साधा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही, म्हणून तर मास्तर माझ्याकडे आले होते.

हीच वाटणी मंत्र्याच्या रिटर्नमध्ये दिसली की "बायकोच्या नावावर लपवलं". अहो, लपवायचं असतं तर कायद्याने भरायला लावलेल्या रकान्यात कोण लिहील?

गोव्याची हद्द संपते त्या बांद्याच्या पलीकडच्या माणसाला मात्र हे लागू नाही. तिथे नवऱ्याने पैसे न घेता बायकोला घर दिलं, तर त्या घराचं उत्पन्न पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या नेत्याबद्दल "बायकोच्या नावावर का?" हा प्रश्न रास्त ठरू शकतो. तोच प्रश्न उचलून गोव्यातल्या आमदाराला विचारलात, तर त्याचा वकील दोन मिनिटांत तुमची जिरवेल.

चार कर एकाच पिशवीत भरणं

घरपट्टी, मुद्रांक शुल्क, घरभाड्यावरचा आयकर आणि विक्रीच्या नफ्यावरचा कर, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. घरपट्टी पंचायतीची किंवा पालिकेची, दरवर्षीची. मुद्रांक शुल्क राज्याचं, दस्त करताना एकदाच. उरलेले दोन केंद्राचे. ग्रुपवर हे सगळं "टॅक्स बुडवला" या दोन शब्दांत मावतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या उपपंतप्रधान, मजूर पक्षाच्या अँजेला रेनर यांनी राजीनामा दिला, तेव्हा आपल्याकडच्या एका ग्रुपवर "घरपट्टी चुकवली म्हणून मंत्रीण घरी गेली, नाहीतर आमचे बघा" असा मजकूर आला होता. प्रकरण घरपट्टीचं नव्हतंच. रेनरबाईंनी होव्ह इथे सुमारे ८ लाख पौंडांचा फ्लॅट घेतला आणि त्यावर मुद्रांक शुल्क जवळपास ४०,००० पौंड कमी भरलं. आधीच्या घरातला हिस्सा त्यांनी दिव्यांग मुलासाठीच्या ट्रस्टला विकला होता, त्यामुळे नवा फ्लॅट आपलं एकमेव घर धरला जाईल असा त्यांचा समज झाला. कायद्याच्या लेखी जुनं घर त्यांच्याच खात्यावर होतं, आणि दुसऱ्या घराला तिथे शुल्काचा दर चढा असतो. मंत्र्यांच्या आचरणावर नजर ठेवणारे स्वतंत्र सल्लागार लॉरी मॅग्नस यांनी चौकशी केली. रेनरबाई प्रामाणिकपणे वागल्या, पण तज्ज्ञ कर सल्ला घ्या अशी सूचना मिळूनही तो घेतला नाही, म्हणून मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला, असा त्यांचा निष्कर्ष. त्यात घरबांधणी खातंही बाईंकडेच.

२०१८ मध्ये याच देशात हुजूर पक्षाचे आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी साउदॅम्प्टनमध्ये एकदम सात फ्लॅट घेतले. घाऊक खरेदीला मुद्रांक शुल्कात सवलत होती, ती त्यांना मिळाली. कंपनीतला हिस्सा वेळेत जाहीर केला नाही म्हणून त्यांनी माफी मागितली, आणि मंत्रिपद राहिलं. एकीचं पद गेलं, दुसऱ्याचं टिकलं, म्हणून लोकांनी लगेच पक्ष वाटून घेतले. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत. एकीकडे शुल्क कमी भरलं गेलं, दुसरीकडे सवलत कायद्यातलीच होती आणि चुकलं ते सांगण्यात. पण एक जण सात फ्लॅटवर कायदेशीर सवलत घेतो आणि एकीचा पाय एका फ्लॅटवर घसरतो, तर जास्त चीड कशाची यावी? माझं उत्तर मी देत नाही. तुमचं उत्तर काढताना दोघांचे पक्ष अदलाबदल करून बघा. उत्तर बदललं, तर तुम्ही कराबद्दल बोलतच नव्हता.

पावतीचा फोटो पुरावा म्हणून नाचवणं

घरपट्टीच्या पावतीवर घर क्रमांक, वर्ष, नाव आणि वापर लिहिलेला असतो. फोटो पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा. मास्तरांच्या फोटोतलं वर्ष अंगठ्याखाली झाकलं गेलं होतं, आणि वापराच्या जागी "निवासी" लिहिलं होतं. ते घर निवासी होतंच.

रक्कम कमी का, तर पंचायतीची आकारणी मुख्यतः क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर बघून होते. तुमची जमीन बाजारात किती कोटींना जाते हे पंचायत विचारत नाही. मोरजीत समुद्रासमोरचं घर आणि त्याच पंचायतीत आतल्या वाड्यावरचं तेवढंच घर, दोघांची घरपट्टी आसपासच येते. हे योग्य आहे का, यावर ग्रामसभेत भांडायला हरकत नाही. मात्र तो दर पुढाऱ्यासाठी वेगळा काढलेला नसतो.

नावाचा घोळ तर विचारूच नका. पावतीवर आजोबांचं नाव, आजोबा वारून तीस वर्षं झालेली, आणि वारसदार वाळपईपासून दुबईपर्यंत पसरलेले. २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची कोर्टातली यादी, करून वाटणी करायला भावंडं एका टेबलावर यायला लागतात. गणपतीला एकत्र येतात, तेव्हा हा विषय कोणी काढत नाही. मग पुढाऱ्याच्या घराची पावती आजोबांच्या नावावर दिसली की "बेनामी", आणि आपल्या घराची तशीच असली की "वडिलोपार्जित".

भाटकार-मुंडकाराचंही तेच. जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, घर तिच्यावर राहणाऱ्या मुंडकाराचं, आणि घरपट्टी मुंडकाराच्या नावावर. १९७५ च्या मुंडकार कायद्यापासून हे आपल्या अंगवळणी पडलंय. पावती मालकी सांगत नाही, आणि बांधकाम कायदेशीर आहे असंही सांगत नाही. भरलेली घरपट्टी हीच परवानगी असती, तर सरकारला २०२५ मध्ये विनापरवाना घरं नियमित करायची "म्हजें घर" योजना आणावीच लागली नसती. तेव्हा आपला आवडता पंच "घरपट्टी भरलीय, घ्या पावती" म्हणून कागद फडकावतो, तेव्हाही टाळ्या वाजवायची घाई करू नका. त्याला बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी, म्हणजे घर वापरायला मंजुरीचा दाखला, मागा.

शपथपत्र न वाचताच बेरीज करणं

आमदार-खासदारकीला उभं राहणाऱ्याला फॉर्म २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. फोटोपेक्षा ते बरं. पण तेही सावकाश वाचायला लागतं.

स्थावर मालमत्तेचे रकाने उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांचे वेगवेगळे असतात. गोव्यात दोघांचा वाटा निम्मा, त्यामुळे एकच घर दोन्ही रकान्यांत येऊ शकतं. हिस्सा लिहिलाय का ते बघा. सर्व्हे नंबर तोच असेल आणि दोन्हीकडे पूर्ण किंमत असेल, तर सरळ बेरीज केल्यावर घर दुप्पट होतं. ग्रुपवरचे कोटींचे कितीतरी आकडे असेच जन्माला येतात.

घेतानाची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव हे दोन आकडे वेगळे. २०१७ आणि २०२२ ची शपथपत्रं शेजारी ठेवून "पाच वर्षांत मालमत्ता दुप्पट" म्हणताना, नवीन खरेदी किती आणि जुन्या जमिनीचा फुगलेला भाव किती, हे वेगळं काढा. पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळाची चाहूल लागल्यापासून जमिनीचे भाव कुठे गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याने एक वीतही घेतली नाही, त्याचाही आकडा फुगलाय. तुमचाही.

आणि जो रकाना कोणी बघत नाही तो बघा, सरकारी देण्यांचा. त्यात आयकराबरोबर पालिकेच्या आणि मालमत्ता कराच्या थकबाकीचीही ओळ आहे. वादात असलेली देणी असतील तर रक्कम आणि कोणापुढे प्रकरण आहे तेही लिहावं लागतं. तिथे "शून्य" लिहिलंय आणि पंचायतीच्या नोंदीत थकबाकी दिसतेय, असं सापडलं तर तुमच्या हातात खरी गोष्ट आली. शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पावतीच्या फोटोवर यातलं काहीही होत नाही.

शेकड्यांत भांडून कोटी सोडून देणं

हा माझा वैयक्तिक राग समजा. पुढाऱ्याने घरपट्टीत पाच-सातशे रुपये वाचवले की नाही यावर आपण तीन रविवार घालवतो. आणि डोंगराची किंवा शेताची जमीन एका अधिसूचनेने वसाहत झोनमध्ये जाते, तिचा भाव एका रात्रीत कितीतरी पट होतो, तेव्हा आपण "त्यातलं आपल्याला काय कळतंय" म्हणतो. नगर नियोजन कायद्यात घातलेल्या, जमिनीचा झोन बदलायची वाट करून देणाऱ्या कलम १७(२) च्या नियमांविरुद्ध मूठभर माणसं कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते नियम रद्द केले. पावतीच्या फोटोएवढं ते निकालपत्र आमच्या ग्रुपवर फिरलेलं मला तरी दिसलं नाही.

आणि मास्तर

रिटर्न भरताना पालिकेची घरपट्टी भाड्यातून वजा करता येते, पण त्या वर्षात प्रत्यक्ष भरली असेल तरच. म्हणून मी मास्तरांकडे फ्लॅटच्या घरपट्टीची पावती मागितली. त्यांनी पिशवी चाचपली, मग चष्मा पुसला. दोन वर्षं भरायची राहून गेली होती.

"गावच्या घराची तरी भरली?"

"ती भरलीय हो. पण वर दोन खोल्या चढवल्यात ना गेल्या साली. विमानतळावरचे दोन पोरगे भाड्याने राहतात. पावती अजून खालच्याच घराची येते."

"आणि ते भाडं?"

मास्तर छतावरच्या पंख्याकडे बघू लागले.

अशा वेळी करायचं ते असं. फ्लॅटची थकबाकी दंडासकट भरून टाका, जितकी लांबेल तितकी ती वाढतेच. वरच्या खोल्यांचं भाडं रिटर्नमध्ये दाखवा, तेही ५ए प्रमाणे निम्मं-निम्मं. पंचायतीत फेरआकारणीचा अर्ज द्या, सोबत मंजूर नकाशा जोडा. नकाशा मंजूर करून घेतलाच नसेल तर आधी त्याचं बघा, कारण वाढीव घरपट्टी भरली म्हणून खोल्या कायदेशीर होत नाहीत. उद्या त्या खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार असेल, तर पर्यटन खात्याकडे नोंदणीही लागते, १९८२ च्या कायद्याप्रमाणे.

मास्तरांनी सगळं एका जुन्या पाकिटावर लिहून घेतलं. उठताना म्हणाले, "तो फोटो डिलीट करू?"

"वर्ष कोणतं ते आधी विचारा ज्याने टाकलाय त्याला," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.